डिकीतलं फरसाण
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळी नाश्त्याला जिलेबी आली आणि मी ‘नको’ म्हणालो, तेव्हा दोघातिघांनी माझं कपाळ चाचपून ताप पाहिला. साहजिक आहे. मधल्या सुट्टीत शाळेबाहेरच्या गाडीवर वडे न मोजता खाणारा मुलगा, हीच माझी ओळख. संयोजकांनी पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे, तर त्या ‘नको’बद्दलच बोलतो.

दोन वर्षांपूर्वी तपासणीत माझं एचबीएवनसी 8.2 आलं. मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली साखर सरासरी किती होती, ते हा आकडा सांगतो. तो 6.5 किंवा जास्त म्हणजे मधुमेह. माझ्या वडिलांच्या पायाची दोन बोटं याच दुखण्यात गेली. त्यांचं ड्रेसिंग मी केलं आहे. त्यामुळे घाबरलो आणि दुसऱ्याच दिवशी साखर, भात, फरसाण, बेकरी सगळं बंद केलं.

अकरा दिवस टिकलो. बाराव्या दिवशी पाव किलो फरसाण घेतलं, स्कूटरच्या डिकीत लपवलं आणि पार्किंगमध्ये उभ्या उभ्या खाल्लं. महिनाभर हेच चाललं. एकदा बायको डिकीतून रेनकोट काढायला गेली. पुडा घेऊन वर आली, बशीत ओतून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “खायचंच असेल तर इथे बसून खा. चोरून नको.” त्या बशीतलं मला खाववलं नाही.

मग आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी वही घालायला सांगितली. काय खाल्लं ते नाही, खावंसं कधी वाटलं ते लिहायचं. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. दुपारी चार आणि रात्री साडेदहा, या दोनच वेळा माझ्या वैरी होत्या.

चारची भूक खरी होती. साडेबाराच्या डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, मग दुसरं काय होणार? डब्यात मटकीची उसळ, कोशिंबीर आणि ताक आलं, चारला मूठभर फुटाणे आले, आणि वखवख निम्म्यावर आली. साडेदहाला मात्र पोट भरलेलं असायचं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यापासून घर शांत झालं होतं, आणि टीव्हीपुढे हात डब्यात जायचा. तिथे फुटाण्यांचा उपयोग नव्हता. आता त्या वेळी दात घासतो आणि मुलीला फोन करतो. खाण्याची ऊर्मी बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो.

चहाचं गणितही मांडलं. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम नुसती चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घेतलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत हवी. मी दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला. दोन महिन्यांत चहा बिनसाखरेचा झाला. आता लग्नातला चहा पाकासारखा लागतो. जीभ शिकते, फक्त तिला घाई चालत नाही.

पाय घसरत नाही असं नाही. गेल्या गणपतीत पाच मोदक खाल्ले. पूर्वी असं झालं की ‘आता मोडलंच’ म्हणून महिना वाया जायचा. यंदा ते वहीत लिहिलं आणि रात्री साधं जेवलो. परवाचा आकडा 6.7 आहे. गोळी चालू आहे. तुमच्यापैकी जे औषधावर आहेत त्यांनी माझं ऐकून जेवण टाळू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आपले गणिताचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही म्हणायचात, उत्तर चुकलं तरी चालेल, पण कच्चं काम लपवू नका. मी कच्चं काम डिकीत लपवलं होतं. ते दिसलं, तेव्हा कुठे चूक सापडली.

चार वाजत आले आहेत आणि मागून वड्यांचा वास येतो आहे. मी एक वडा खाणार आहे, सगळ्यांसमोर, खुर्चीवर बसून. दुसऱ्याचा आग्रह कुणी करू नका, एवढीच विनंती.