आल्फ्रेदो बिंडा : शर्यतीतून निवृत्त झाल्यानंतर



एखाद्या वर्गात कधी कधी असे दोन विद्यार्थी येतात की, दोघेही बुद्धिमान, दोघेही मेहनती. परंतु एकमेकांचे तोंड पाहावयास तयार नाहीत. एकाची स्तुती केली की दुसरा रुसून बसतो. अशा वर्गाच्या शिक्षकाची काय तारांबळ उडते, हे येथे जमलेल्यांना वेगळे सांगावयास नको. इटलीतील एका जुन्या सायकलपटूवर नेमका हाच प्रसंग आला होता, आणि त्याच्या हाताखालील दोघे तर त्या काळचे जगद्विख्यात शर्यतपटू होते. त्या गृहस्थांचे नाव आल्फ्रेदो बिंडा.

बिंडा यांचा जन्म 1902 साली उत्तर इटलीतील चित्तील्यो या लहानशा गावी झाला. घरात भावंडांचे मोठे खटले. पोटासाठी ते लहान वयातच भावाबरोबर फ्रान्समधील नीस शहरी गेले व तेथे चुलत्याच्या हाताखाली भिंतींना गिलावा करू लागले. कामातून उरलेल्या वेळात सायकल. 1924 साली लोंबार्दीच्या शर्यतीत घिसाल्लो घाटाच्या माथ्यावर प्रथम पोहोचणारास 500 लिरांचे बक्षीस आहे असे कळताच हा गवंडी तेथे हजर झाला! बक्षीस तर त्याने मिळविलेच, शर्यतीतही चौथा क्रमांक पटकाविला. लेन्यानो या सायकल कंपनीने त्यास ताबडतोब आपल्या चमूत घेतले.

पुढील पराक्रम थोडक्यात सांगितला तरी पुरे. संपूर्ण इटलीला वळसा घालणारी तीन आठवड्यांची 'जिरो' शर्यत त्यांनी 1925, 1927, 1928, 1929 व 1933 अशी पाच वेळा जिंकली. 1927 च्या शर्यतीत 15 टप्प्यांपैकी 12 टप्पे एकट्या बिंडांचे होते. त्याच वर्षी धंदेवाईक सायकलपटूंची रस्त्यावरील पहिली जागतिक स्पर्धा जर्मनीत भरली. तीही त्यांनीच जिंकली आणि 1930 व 1932 मध्ये त्या यशाची पुनरावृत्ती केली. त्यांच्या या वर्चस्वाने शर्यतीतील रंगतच नाहीशी झाली. अखेर 1930 साली जिरोच्या चालकांनी त्यांना 22,500 लिरा दिल्या, त्या भाग घेऊ नये म्हणून! न धावल्याबद्दल मोबदला मिळविणारा धावपटू क्रीडेच्या इतिहासात विरळाच. 1936 साली मिलान-सान रेमो शर्यतीत पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले आणि शर्यतीचे आयुष्य संपले.

पुष्कळ खेळाडूंचे चरित्र येथेच संपते. बिंडा यांचे खरे कार्य मात्र यानंतरचे होय. महायुद्धानंतर ते इटलीच्या राष्ट्रीय चमूचे मार्गदर्शक झाले. त्या वेळी इटलीत दोन तट पडले होते: एक जिनो बार्ताली यांचा, दुसरा फाउस्तो कोप्पी यांचा. बार्ताली वयाने वडील, धार्मिक वृत्तीचे. कोप्पी तरुण, अबोल. 1948 च्या जागतिक स्पर्धेत हॉलंडमध्ये हे दोघे केवळ एकमेकांवर नजर ठेवून राहिले, आणि शेवटी दोघांनीही शर्यत अर्धवट सोडून दिली. देशाची नाचक्की झाली ती वेगळीच.

पुढील वर्षी या दोघांना एकाच चमूत घालून फ्रान्सच्या 'टूर' शर्यतीस न्यावयाचे होते. बिंडा यांनी प्रथम दोघांना समोरासमोर बसविले व परस्परांस साहाय्य करण्याचे वचन लेखी घेतले. कागदाने मने जुळत नाहीत हे त्यांना ठाऊक नसेल असे नाही. परंतु बोलणे सुरू होण्यास काही निमित्त लागते.

रूआनहून सां-मालोकडे जाणाऱ्या पाचव्या टप्प्यात संकट आलेच. कोप्पी आघाडीच्या स्वारांबरोबर असताना पडला व त्याची सायकल निकामी झाली. त्याच्या मापाची दुसरी सायकल बिंडा यांच्या मोटारीवर होती, आणि ती मोटार मागे राहिली होती. मदतीच्या गाडीवरील परकी सायकल घेण्याचे त्याने नाकारले. आपल्याला मुद्दाम डावलले, बार्तालीकडेच लक्ष दिले, अशी त्याची समजूत झाली व शर्यत सोडून घरी जाण्याची भाषा त्याने सुरू केली. बिंडा येऊन पोहोचले. त्यांनी त्याला कसेबसे सायकलवर बसविले आणि त्या रात्रीही समजूत घालण्याचे काम चालूच ठेवले. त्या दिवसाअखेर अग्रस्थानी असलेल्या मारिनेल्लीपेक्षा कोप्पी जवळजवळ 37 मिनिटांनी मागे होता. एवढे अंतर भरून निघेल असे कोणास वाटले असते?

आल्प्समध्ये चित्र पालटले. 18 जुलै हा बार्ताली यांचा 35 वा वाढदिवस. त्या दिवशी दोघे बरोबरीने घाट चढले, ब्रियांसोंचा टप्पा बार्ताली यांना मिळाला व आघाडीची पिवळी जर्सीही. दुसऱ्या दिवशी आओस्ताच्या वाटेवर बार्ताली यांची सायकल पंक्चर झाली, नंतर ते पडले. कोप्पीने वेग कमी केला. तेव्हा बिंडा यांनी त्याला पुढे जाण्यास सांगितले. हा निर्णय बार्ताली यांच्या चाहत्यांना रुचला नाही हे उघड आहे, आणि त्यांचा राग अगदीच निराधार होता असेही म्हणता येणार नाही. परंतु त्या घटकेला दोघांना थांबविले असते तर कदाचित दोघेही हरले असते. पॅरिसला कोप्पी पहिला आला. बार्ताली 10 मिनिटे 55 सेकंदांनी दुसरे. त्यापूर्वी 1948 मध्ये बार्ताली यांनीही बिंडा यांच्याच मार्गदर्शनाखाली टूर जिंकली होती. पुढे 1952 मध्ये कोप्पी यांनी पुन्हा, व 1960 मध्ये गास्तोने नेन्चिनी यांनी ती जिंकली.

पायटयावर पाऊल घट्ट धरून ठेवणारे कातडी पट्टे त्यांच्या नावाने विकले जात. अनेक सायकलस्वारांस बिंडा हे नाव प्रथम त्या पट्ट्यांवरूनच माहीत झाले. 1986 साली ते निवर्तले. चित्तील्यो येथे 1974 पासून त्यांच्या नावाने स्त्रियांची सायकल शर्यत भरते, आणि त्यांच्या गावच्या चढणीवर आज जगातील नामांकित स्त्री सायकलपटू उतरतात.