प्रतिपालक कुटुंब: जबाबदारी आणि भत्ता

एखाद्या मुलाला आईवडील काही काळ सांभाळू शकत नसतील, तर बाल कल्याण समिती त्याला प्रतिपालक कुटुंबाकडे सोपवू शकते. हे दत्तक नव्हे. मूल पुढे स्वतःच्या घरी परतूही शकतं. 2015च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याचं शिक्षण, आरोग्य, पोषण ही या कुटुंबाची जबाबदारी. समितीने दरमहा पाहणी करायची असते. आईवडील मुलाला भेटू शकतात. त्या भेटीनंतर रडणाऱ्या मुलाला जवळ घेणं, हेच मला सर्वांत अवघड वाटतं. ‘मिशन वात्सल्य’ या सरकारी योजनेतून दरमहा 4,000 रुपये मिळतात, तेही मुलाच्या खर्चासाठी, सांभाळणाऱ्याला पगार नसतो. इच्छुकांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करावी.