‘पानी’

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी व्याख्याता नाही. गोदीत माल उतरवतो, कविता लिहितो, शिक्षण मॅट्रिक. भाषेच्या मानसशास्त्रावर हा काय बोलणार, असं कुणाला वाटेल. पण या शास्त्राचा प्रयोग माझ्यावरच झालाय. दुसरीत असताना मी वर्गात म्हणालो, ‘बाई, पानी प्यायला जाऊ?’ बाई म्हणाल्या, ‘आधी पाणी म्हण.’ दहा वेळा म्हणायला लावलं. वर्ग खदाखदा हसला. तहान मेली. पुढं दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. प्रगतिपुस्तकात शेरा पडला : मुलगा मंद आहे.

आज मी विचारतो, मंद कोण?

मूल भाषा शिकतं ते पोपटासारखं पाठ करून नव्हे. तीन वर्षांचं पोर म्हणतं, ‘मी करलं.’ घरात कुणीच ‘करलं’ म्हणत नाही. मग त्यानं आणलं कुठनं? बसलं, पडलं, रडलं ऐकून त्यानं डोक्यात नियम काढला आणि लावला. ही चूक त्याच्या अकलेचा पुरावा आहे. १९५८ साली जीन बर्को या बाईनं अमेरिकेत पोरांना बनावट, कधीच न ऐकलेले शब्द दिले. बहुतेक पोरांनी त्यांची अनेकवचनं बरोबर केली. पाठ केलेलं नव्हतंच, नियम ठाऊक होता. तो नियम काढायची ताकद झोपडीतल्या पोरातही असते, बंगल्यातल्या पोरातही असते.

आता कानाचं ऐका. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतली तान्ही बाळं तपासली. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक कळत होता. वर्षाची होईतो बहुतेकांचा तो गेला, कारण घरात तो फरक कुणी करतच नव्हतं. कान घर घडवतं. साहेबाला ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकू येत नाहीत म्हणून त्याला कुणी मंद म्हणत नाही. माझ्या आईनं मला ‘पानी’ दिलं, मी ‘पानी’ घेतलं. हाच शब्द हिंदीत शुद्ध. दिल्लीत शुद्ध आणि माझ्या वर्गात अशुद्ध! मग चुकली ती जीभ की जात?

आपल्या आधीच्या पोरांनी १९७२ साली पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. त्या काळ्यांच्या पोरांबद्दल १९६० नंतर तिथले काही पंडित म्हणत होते, ही पोरं भाषेविनाच शाळेत येतात. विल्यम लबॉव या भाषाशास्त्रज्ञानं १९६९ साली त्यांना उत्तर दिलं. हार्लेममधला आठ वर्षांचा पोरगा. प्रश्न विचारणारा माणूसही काळा, हार्लेममध्येच वाढलेला. तरी पोरगा एकेका शब्दात उत्तर देऊन गप्प. पुढच्या वेळी त्या माणसानं बटाट्याचे वेफर्स आणले, पोराचा जिगरी दोस्त आणला, स्वतः जमिनीवर बसला आणि शिव्याही काढल्या. झालं! दोघं एकमेकांना बोलूच देईनात. पोरगा तोच, भाषा तीच. गेली ती फक्त भीती.

प्रमाण मराठी शिकू नका, असं मी म्हणत नाही. शिका. अर्ज, फिर्याद, पंचनामा त्याच भाषेत लिहिले जातात. पण हत्यार म्हणून शिका, आईची लाज वाटते म्हणून नको.

वस्तीतल्या अभ्यासिकेत शिकवणाऱ्या दोस्तांना एवढंच सांगतो. खुर्ची सोडा. पोरांसोबत जमिनीवर बसा. आधी त्यांना पोटभर बोलू द्या, ‘ण’ मागाहून शिकवा. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आज कुठलं पोरगं वर्गात ‘पानी’ मागत असेल, तर आधी त्याला पानी द्या.

जय भीम.