वंगण तेलाचा दाटपणा आणि इंधनाची बचत



इंधन बचतीचा विषय निघाला की वाहनाचा वेग, टायरमधील हवा आणि उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवण्याची सवय यांचा उल्लेख आवर्जून होतो. इंजिनात घातले जाणारे वंगण तेल मात्र या चर्चेत सहसा येत नाही. वस्तुतः त्या तेलाच्या दाटपणाचा इंधनखर्चाशी निकटचा संबंध आहे. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते, हे लक्षात घेता हा संबंध समजून घेणे अगत्याचे ठरते.

घट्ट दही घुसळताना रवीला जो जोर लागतो, तो पातळ ताक घुसळताना लागत नाही. द्रवाच्या अंगी असलेल्या या प्रवाहविरोधाला शास्त्रीय परिभाषेत ‘श्यानता’ म्हणतात. इंजिन चालू असताना पंप हे तेल सर्वत्र पोहोचवीत असतो आणि दट्ट्ये, रिंगा व बेअरिंगे तेलाच्या पातळ थरावरून सरकत असतात. तेल गरजेपेक्षा अधिक दाट असेल, तर या कामी शक्ती अधिक खर्ची पडते. आणि ती शक्ती अखेर पेट्रोल वा डिझेल जाळूनच मिळवावी लागते. थंडीत काकवीची धार जशी संथ पडते, तसेच थंड इंजिनातील तेलाचेही होते. गावातल्या गावात केलेल्या लहान फेऱ्यांना अंतराच्या मानाने इंधन अधिक लागते, त्याचे हे एक कारण होय.

तेलाच्या डब्यावर ‘२०डब्ल्यू-४०’ अशी खूण आढळते. ‘डब्ल्यू’ हे इंग्रजी अक्षर हिवाळ्याचे निदर्शक असून त्यामागील आकडा थंडीतील वर्तन, तर पुढील आकडा तापलेल्या इंजिनातील दाटपणा दर्शवितो. १०० अंश सेल्सिअस तापमानाला ४० क्रमांकाच्या तेलाची श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते; २० क्रमांकाच्या तेलाची ६.९ ते ९.३ एवढीच असते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये मोटारींच्या इंधनवापराविषयी कायदा केला. पुढे कारखानदारांनी इंजिनांच्या रचनेबरोबरच तेलाकडेही लक्ष वळविले आणि तेले क्रमाक्रमाने पातळ होत गेली. आज भारतातील काही नव्या पेट्रोल मोटारींसाठीही ०डब्ल्यू-२० वा त्याहून पातळ तेल सुचविलेले असते. अमेरिकी शासनाच्या माहितीनुसार, ५डब्ल्यू-३० तेलासाठी बनविलेल्या इंजिनात १०डब्ल्यू-३० तेल वापरल्यास इंधनाची कार्यक्षमता १ ते २ टक्क्यांनी घटू शकते.

हा आकडा किरकोळ वाटेल. तथापि, लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर धावली, तर तिला १,००० लिटर इंधन लागते. त्याचा १ टक्का म्हणजे १० लिटर. अशी ५० वाहने एखाद्या जिल्ह्यात असतील, तर वर्षाला ५०० लिटर इंधन केवळ तेलाच्या चुकीच्या निवडीपायी वाया जाते.

मग सर्वांनीच पातळ तेल वापरावे काय? मुळीच नाही. तेलाचा थर धातूला धातूपासून दूर ठेवतो. जर्मन अभियंते रिचर्ड स्ट्रिबेक यांनी १९०२ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून दिसून आले, की बेअरिंगमधील घर्षण एका मर्यादेपर्यंत कमी होत जाते. मात्र थर फार पातळ झाला की ते एकदम वाढते. जाड तेलासाठी घडविलेल्या जुन्या जीपमध्ये अतिपातळ तेल घातल्यास इंधनाची बचत दूरच राहील, इंजिनच झिजून जाईल.

‘जुन्या गाडीला जाड तेल बरे’ हा समजही तपासून पाहावयास हवा. तेल जाळणाऱ्या इंजिनाचा धूर जाड तेलाने काही काळ कमी होतो. पण झिजलेल्या रिंगा त्याने बऱ्या होत नाहीत. शिवाय डिझेल इंजिनातील तेल काजळीमुळे वापरात दाट होत जाते. म्हणून ते ठरलेल्या मुदतीत बदलणेही तितकेच आवश्यक आहे.

पुष्कळदा सोयीसाठी तेलाचे एकच पिंप खरेदी केले जाते आणि ट्रॅक्टर, जीप व नवी मोटार यांना तेच तेल घातले जाते. बचतीचा आरंभ येथूनच होऊ शकतो. प्रत्येक वाहनाच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेला तेलाचा दर्जा वाहनाच्या नोंदवहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवावा, मागणीपत्रात तोच नमूद करावा आणि तेल बदलल्याची तारीख व किलोमीटर यांची नोंद ठेवावी. त्यासाठी वेगळी तरतूद लागत नाही, मंजुरीही लागत नाही. लागते ती केवळ पुस्तिका उघडून पाहण्याची तत्परता.