अंगणातला कडुनिंब

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



भाव, कर्ज, वीज यांवर सकाळपासून बोलणं झालं. आम्ही एका झाडाबद्दल बोलणार आहोत, कडुनिंबाबद्दल. विषय लहान वाटेल. पण मराठवाड्यात, विदर्भात वैशाखात पारा ४२-४५ वर चढतो, तेव्हा पत्र्याच्या घरात दुपार कोण काढतं? बाळंतीण, म्हातारी माणसं, आणि बाहेर दावणीची जनावरं. पिकाचा हिशेब आपण मांडतो. या दुपारचा हिशेब कुणी मांडत नाही. उन्हानं म्हैस दुधाला कमी येते, तो तोटाही आपल्याच पदरात.

झाडं लावा म्हटलं की आजवर गावात गुलमोहर आला, सुबाभूळ आली, निलगिरी आली. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसतो छान, पण उन्हाळ्यात पानं झडून मोकळा होतो आणि वादळात फांद्या मोडतात. कडुनिंब आपल्या मातीतला. फाल्गुनाच्या सुमारास त्याचं पान झडतं, चैत्रात नवी पालवी फुटते. पाडव्याला आपण खातो ती हीच. वैशाखात ऊन पेटतं तेव्हा झाड गर्द झालेलं असतं.

रोपासाठी कुणाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहू नका. बी फुकट आहे, फक्त वेळ गाठावी लागते. जून-जुलैत पिकून पडलेली पिवळी निंबोळी वेचा. गर चोळून धुवा, बी सावलीत सुकवा आणि दोन आठवड्यांच्या आत लावा. हे बी ज्वारी-तुरीसारखं टिकत नाही. दिवाळीपर्यंत डब्यात ठेवाल तर उगवायचं नाही.

जागा घराच्या पश्चिमेला धरा, भिंतीपासून १५ ते २० फूट. दुपारनंतरचं तिरपं ऊन पश्चिमेची भिंत तापवतं आणि घर रात्रीपर्यंत धगधगतं. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्या. वरची माती आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत घालून भरा. पाऊस लागला की तीन बिया टोका, पुढं जोमदार रोप एकच ठेवा. कडुनिंबाला दुष्काळ सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. चिबड काळ्या जमिनीत उंचवटा करूनच लावा.

पहिला शत्रू शेळी. बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. बुडाला भोक पाडून चिंधीची वात घातलेलं मडकं आळ्यात पुरा आणि दोन-चार दिवसांनी भरत जा. शेंडा छाटू नका, खालच्या फांद्या तेवढ्या हळूहळू काढा. चार-पाच वर्षांत खाटेपुरती सावली आणि पहिल्या निंबोळ्या मिळू लागतात.

निंबोळी म्हणजे घरचं औषध. पाच किलो वाळल्या निंबोळ्यांची भरड नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा. एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. हा झाला पाच टक्के अर्क. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. मावा, तुडतुडे, लहान अळ्या यांवर कीड कमी असतानाच चालतो. माजलेल्या किडीवर त्याची आशा धरू नका. पण पहिल्या एक-दोन फवारण्यांचा खर्च वाचतो.

या झाडाची किंमत परक्यांनी आधी ओळखली. कडुनिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक करण्याच्या पद्धतीवर एका अमेरिकन कंपनीला आणि तिथल्या कृषी खात्याला १९९४ साली युरोपात पेटंट मिळालं. भारतातून लढा झाला, २००० साली ते रद्द झालं, २००५ साली त्यांचं अपीलही फेटाळलं गेलं. तिकडे झाड वाचवलं, आणि इकडे आपणच स्लॅब टाकताना पहिली कुऱ्हाड अंगणातल्या कडुनिंबावर घालतो. बांधकामाचा आराखडा हातभर सरकवता येतो. तीस वर्षांचं झाड सरकवता येत नाही.

म्हणून या मेळाव्यात एवढंच ठरवू. गावी गेल्यावर प्रत्येकानं या उन्हाळ्यात एक खड्डा खणायचा आणि एका विनाझाडाच्या घरी दुसरा खणून द्यायचा. निंबोळी पडायला लागली की शाळेतली पोरं वेचायला लावा. पुढच्या मेळाव्यात आम्ही किती लावली हे विचारणार नाही, दोन उन्हाळे काढून किती जगली ते विचारू.