हुन्नर हाती, पण पैसा कोणाच्या हाती?

(महिलांच्या सभेत केलेले भाषण)



स्त्रियांनी घराबाहेर पडून काम करावे की करू नये, हा वाद आपल्या समाजाचा कधीच नव्हता. जेथे उंबरठा ओलांडणे हाच अधर्म मानला गेला, त्या घरांतील हा वाद होय. आपल्या आयाबहिणी शेतात खपल्या, गिरण्यांत राबल्या, त्यांनी विड्या वळल्या, खडी फोडली, शहरांची घाण उपसली. कष्टाची ओळख आपणांस कोणी करून द्यावयास नको. कष्ट आपले होते. पण त्यांचे मोल ठरविण्याचा आणि ते मोल स्वतःच्या हाती राखण्याचा अधिकार आपला नव्हता. आपल्यापुरता आर्थिक स्वातंत्र्याचा प्रश्न येथून सुरू होतो.

ही जुनी गोष्ट झाली असे कोणास वाटत असेल, तर त्याने सरकारी पाहणीचे आकडे पाहावेत. २०१७-१८ साली पंधरा वर्षे व त्यावरील स्त्रियांपैकी २३.३ टक्के स्त्रिया काम करीत होत्या किंवा काम शोधीत होत्या. २०२३-२४ साली हे प्रमाण ४१.७ टक्के झाले. ऐकावयास हे बरे वाटते. परंतु काम करणाऱ्या या स्त्रियांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक स्त्रिया घरच्या शेतात वा दुकानात बिनमजुरीने राबतात. काम वाढले म्हणजे कमाई वाढली, असे नव्हे.

नागपूरच्या जाईबाई चौधरी यांचे चरित्र या बाबतीत फार बोलके आहे. ओझी वाहून पोट भरणाऱ्या या स्त्रीला एका मिशनरी बाईंनी शिक्षिकेची नोकरी मिळवून दिली. आपल्या मुलांना अस्पृश्य स्त्री शिकविते हे कळताच सवर्णांनी विरोध केला आणि ती नोकरी गेली. विद्या अंगी होती, पण शाळेचे दार दुसऱ्याच्या हाती होते. जाईबाई तेथे थांबल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्याशाळा काढली. नुसते शिकविणे पुरेसे नाही, शिकलेल्या स्त्रीच्या पाठीशी संस्था उभी असावी लागते, हा धडा आपण यातून घ्यावयाचा आहे.

म्हणून प्रशिक्षणाचा विचार करताना चार गोष्टींची चौकशी करा.

पहिली, शिकण्याच्या काळात चूल कशी पेटावयाची? रोजावर जाणारी बाई सहा महिने वर्गात बसली, तर घर उपाशी राहील. हाताने मैला उचलण्यास बंदी करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात, पर्यायी धंदा शिकणाऱ्यास दरमहा किमान ३,००० रुपये विद्यावेतनाची तरतूद आहे. रक्कम तुटपुंजी असेल, पण तत्त्व खरे आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानेही कारखान्यात विद्यावेतनासह शिकता येते. हा हक्क मागून घ्या.

दुसरी, हुन्नर कोणता? बाईसाठी वर्ग म्हटला की शिवणयंत्र आणि पापड-लोणची, ही समजूत सोडली पाहिजे. त्या कामांस मी हलके मानीत नाही. परंतु एका वस्तीत चाळीस जणी शिवणकाम शिकल्या, तर शिवावयाचे कोणाचे? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री, जोडारी, संधाता हे धंदे मुलींनाही शिकता येतात. परिचारिकेचे व प्रयोगशाळेचे काम आहे, संगणकाचे काम आहे. मजुरी जेथे बरी, तेथे आपल्या मुली दिसल्या पाहिजेत.

तिसरी, शिकल्यानंतर काम कोण मिळवून देणार आणि ते टिकणार कसे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर मध्यवर्ती सरकारात मजूरमंत्री असताना सेवायोजन कार्यालयांची यंत्रणा उभी राहू लागली. त्याआधी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या विधेयकास पाठिंबा दिला होता. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला, आणि २०१७ साली देशात पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण धुणीभांडी करणारीच्या पदरी आज ती रजा पडत नाही. मूल झाले की तिचे काम सुटते आणि शिकलेले वाया जाते.

चौथी गोष्ट बंधूंना उद्देशून आहे. पत्नी कमावते याचा अभिमान सांगणारे पुष्कळ भेटतात. पगाराच्या दिवशी तिच्यापुढे हात पसरणारेही तेच असतात. जिला स्वतःच्या कमाईतून आजारी आईला औषध घेऊन देण्यासाठी परवानगी लागते, ती नोकरदार असेल, स्वतंत्र नव्हे. खाते तिच्या नावे असावे, आणि सही व निर्णयही तिचाच असावा.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजावयास सांगितले. ते माप आपल्या वस्तीस लावून पाहा. आपली विहारे दिवसाचे कित्येक तास बंद असतात. तेथे पाळणाघर चालवा, म्हणजे दहा जणींना कामावर व वर्गात जाता येईल. वस्तीतील शिकलेल्या व बेकार मुलींची नोंदवही ठेवा. अर्ज भरून देण्यास, जातीचा दाखला काढण्यास आणि मुलाखतीस सोबत जाण्यास नोकरीत असलेल्या भगिनींनी महिन्यातून एक दिवस द्यावा. यास अनुदान लागत नाही, निश्चय लागतो. हा निश्चय आजच्या सभेने करावा, अशी विनंती करून मी माझे भाषण संपविते.

जय भीम.