तान्ह्या मुलाचा न उतरणारा ताप

तान्हें मूल आजोळाहून परत आलें आणि त्याला ताप येऊं लागला, कीं 'पाणी बाधलें' हें निदान घरांतच होऊन जातें. बहुधा ताप चार-आठ दिवसांत उतरतो आणि त्या निदानाची परीक्षा कधींच होत नाहीं.

परंतु समजा, मूल सात महिन्यांचें आहे. न्यूमोनिया समजून प्रतिजैविक औषधें दिलीं, दोन आठवडे लोटले. तरी ताप आहे, वजन वाढत नाहीं, आणि क्ष-किरणांच्या चित्रांत फुप्फुसावरील छाया तशीच आहे. प्रवास मलेरियाच्या प्रदेशांत झाला असेल, तर रक्ताची तपासणी पहिल्याच दिवशीं व्हावयास हवी. तें काम सोपें. अवघड आहे तें क्षयाचें निदान. रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं क्षयाचे जंतु दाखविले, तरी तान्ह्या मुलांत ते सांपडणें अद्यापि कष्टाचें आहे. मूल बेडका थुंकत नाहीं, गिळतें. म्हणून पहांटे, उपाशी पोटीं, नाकावाटे बारीक नळी घालून जठरांतील द्रव काढावा लागतो. त्याची जनुकीय तपासणी कांहीं तासांत उत्तर देते. पण जंतु थोडे असल्यानें 'सांपडले नाहींत' याचा अर्थ 'क्षय नाहीं' असा होत नाहीं. त्वचेवरील ट्यूबरक्युलिनची चांचणीहि या वयांत फसवूं शकते. बी. सी. जी. ची लस मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून पुष्कळ संरक्षण देते, संपूर्ण देत नाहीं. आणि हा रोग तान्ह्या मुलांत मेंदूपर्यंत फार लवकर पोंचतो.

अशा वेळीं मूल कोठें गेलें होतें, यापेक्षां तें कोणाच्या मांडीवर होतें, हें विचारणें अधिक उपयोगाचें. संसर्ग आणि ताप यांमध्यें कित्येक आठवडे, कधीं महिनेहि जातात. प्रवास तोंवर विसरलेला असतो. शिवाय प्रश्न नाजुक आहे. आजोबांना 'जुना दमा' आहे, ते रात्रभर खोंकतात, नातवाला घेऊनच निजतात, हें सासूच्या देखत सांगावयास आई कचरते; माहेराला बोल लागेल अशी तिला भीति. जाणता डॉक्टर तिला एकटीला विचारतो.

मग आजोबांचा बेडका तपासावयास जातो. तो केवळ त्यांच्यासाठीं नव्हे. मुलाचे जंतु हातीं लागले नाहींत, तर कोणतें औषध त्यांवर चालेल हें आजोबांच्या जंतूंवरूनच बहुधा ठरवितां येतें, आणि मुलाचे उपचार त्याच आठवड्यांत सुरू होतात.